मलावीच्या खेड्यांतल्या मंडळ्या आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडच्या मंडळ्यांत आफ्रिकेतल्या सेवाकार्याचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. मदत करायची इच्छा खरी असते, पण माहिती कमी असते आणि चित्रे जुनी असतात. आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आहेत, त्या सगळ्यांबद्दल एकाच दमात बोलण्यात अर्थ नाही. म्हणून इथे मुख्यतः आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी या एका देशाबद्दल लिहिले आहे. केनिया, युगांडा, झांबिया यांचा उल्लेख ओघाने येईल.

मलावीच का?

एक तर तिथले चर्च खऱ्या अर्थाने खेड्यातले आहे. २०१८ च्या जनगणनेत मलावीची लोकसंख्या सुमारे १ कोटी ७५ लाख होती आणि त्यातले ८४ टक्के लोक खेड्यात राहत होते. ख्रिस्ती लोक साधारण ७७ टक्के, मुस्लिम १४ टक्क्यांच्या जवळपास. रोमन कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट, पेंटेकॉस्टल असे सगळे पंथ एकाच पंचक्रोशीत सापडतात. दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. या देशातल्या मिशनच्या इतिहासाचा एक धागा मुंबई आणि नाशिकमधून जातो.

तिथे सुवार्ता युरोपियन मिशनऱ्यांनीच नेली ना?

सुरुवात त्यांनी केली, पण काम उभे राहिले ते आफ्रिकी माणसांच्या हातांनी.

१८६१ मध्ये इंग्लंडहून आलेल्या अँग्लिकन तुकडीने दक्षिणेत मागोमेरो येथे ठाणे टाकले. बिशप मॅकेंझी पुढच्याच वर्षी तापाने वारले आणि उरलेले लोक काही काळाने झांझिबारला निघून गेले. १८७५ मध्ये फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे लोक मलावी सरोवराकाठी केप मॅक्लिअरला पोहोचले. हिवतापाने तिथे कबरी वाढत गेल्या. १८८१ मध्ये मिशनने ते ठिकाण सोडून बांडावे गाठले, तोवर बाप्तिस्मा झाला होता तो एकाच स्थानिक माणसाचा, आल्बर्ट नामालाम्बे यांचा. मिशनरी निघून गेल्यावरही नामालाम्बे मात्र केप मॅक्लिअरला राहिले आणि शिकवत राहिले.

उत्तरेकडे न्गोनी लोकांत जे घडले ते तर प्रत्येक मिशनप्रेमी माणसाने वाचावे असे आहे. न्गोनी हे लढवय्ये. त्यांच्या टोळ्यांची आसपासच्या गावांना धास्ती असे. त्यांच्याकडे गेले विल्यम कोयी, दक्षिण आफ्रिकेतल्या लव्हडेल येथे शिकलेले खोसा जमातीचे सुवार्तिक. १८७६ मध्ये लव्हडेलहून आलेल्या चार आफ्रिकी साथीदारांपैकी ते एक. न्गोनी लोकांचे पूर्वज दक्षिणेकडूनच आलेले असल्याने कोयींची भाषा त्यांना जवळची वाटली आणि स्कॉटिश मिशनऱ्यांना जी दारे बंद होती ती कोयींना उघडली. तरीही शाळा उघडायला परवानगी मिळेना. ते थांबले, राहिले, राजा म्बेल्वा यांचा विश्वास मिळवत गेले. १८८६ मध्ये परवानगी मिळाली त्याच सुमारास न्जुयू येथे कोयींचा मृत्यू झाला. पुढे त्याच भागातल्या मावेलेरा टेम्बो, पीटर थोले, चार्ल्स चिनुला यांनी स्थानिक चालींवर गीते रचली. रविवारी ती आजही गायली जातात.

स्कॉटिश मिशनरी डॉ. रॉबर्ट लॉज १८७५ पासून १९२७ पर्यंत मलावीत राहिले. त्यांच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे. पण लॉज यांचे नाव घ्यायचे आणि कोयींचे गाळायचे, हे आपण थांबवले पाहिजे.

यात नाशिकचा संबंध कुठे येतो?

हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी गलबते ब्रिटिश नौदल अडवत असे. सुटका झालेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना मुंबईत उतरवले जाई. त्यातल्या अनेकांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूर येथे ठेवले. तिथे त्यांना शिक्षण मिळे, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. नाशिकचा शरणपूर रोड आपल्याला माहीत असतो, पण हा इतिहास फार थोड्यांना माहीत असतो.

१८६४ मध्ये प्रसिद्ध स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आपली छोटी बोट घेऊन झांझिबारहून मुंबईला आले. त्यांच्यासोबत चुमा नावाचा याओ जमातीचा मुलगा होता. आजच्या मलावीच्या दक्षिण भागात गुलामांच्या तांड्यातून त्याची सुटका झाली होती. त्याला मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले गेले आणि पुढच्या वर्षी त्याचा बाप्तिस्मा झाला. आफ्रिकेत परतताना लिव्हिंगस्टन यांनी चुमाला आणि नाशिकच्या शाळेतल्या काही तरुणांना सोबत नेले. नाशिकला शिकलेला आणखी एक याओ तरुण, जेकब वेनराइट, नंतर त्यांना जाऊन मिळाला. १८७३ मध्ये चितांबोच्या गावी, म्हणजे आजच्या झांबियात, लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा दफनविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली. मग लिव्हिंगस्टन यांचा जुना आफ्रिकी सोबती सुसी, चुमा आणि इतरांनी तो देह दीड हजार किलोमीटरच्या आसपास पायी वाहून किनाऱ्यापर्यंत आणला.

केनियात तर हे नाते आणखी घट्ट आहे. मोंबासाजवळच्या राबाई येथे १८६४ मध्येच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे इथून गेलेले सुवार्तिक पोहोचले होते. १८७५ मध्ये मोंबासाला फ्रीअरटाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली. तिची उभारणी करणारे प्राइस हे त्याआधी शरणपूरचेच मिशनरी होते, आणि वसाहतीतले शिक्षक आणि कारागीर बरेचसे नाशिककडचे. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत.

आजची खेड्यातली मंडळी चालते कशी?

सर्वात मोठ्या प्रोटेस्टंट चर्चचे, म्हणजे चर्च ऑफ सेंट्रल आफ्रिका प्रेस्बिटेरियनचे, उदाहरण घेऊ. १९२४ मध्ये लिव्हिंगस्टोनिया आणि ब्लॅन्टायर इथल्या मिशन एकत्र येऊन हे चर्च झाले. दोन वर्षांनी मध्य भागातले न्खोमा त्यात आले. या तीन सिनड, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक सभा, आजही वेगवेगळ्या वळणाच्या आहेत.

एका पाळकाकडे एक मुख्य मंडळी आणि तिच्याभोवती पसरलेली अनेक प्रार्थनागृहे असतात. पाळकाला चिचेवा भाषेत ‘अबुसा’ म्हणतात. अबुसा सायकलवर, जमले तर मोटारसायकलवर फिरतात. एका प्रार्थनागृहात त्यांची फेरी पुन्हा कधी येईल हे पावसावर आणि रस्त्यावर अवलंबून. मधल्या रविवारी उपासना चालवतात वडील मंडळी. संदेश तेच देतात, आजाऱ्याला भेटतात, भांडणे मिटवतात, अंत्यविधीची व्यवस्था बघतात. यांतले बहुतेक शेतकरी, एखादा प्राथमिक शिक्षक. पगार कोणालाच नाही.

अर्पण क्वाचा या तिथल्या चलनात येते, तसेच मक्याच्या पोत्यातही येते. एप्रिल-मेमध्ये कापणी झाली की अर्पण वाढते आणि जानेवारी ते मार्च या टंचाईच्या महिन्यांत आटते. चर्चचे वर्षभराचे अंदाजपत्रक या चक्रावर चालते. बाहेरून येणाऱ्या माणसाने आधी हेच समजून घ्यायला हवे. फेब्रुवारीत वर्गणी मागणारा कार्यक्रम ठरवला तर लोक नाही म्हणणार नाहीत, पण घरातले बियाणे विकतील.

इमारतीसाठी मदत द्यावी का?

द्यावी, पण भिंती त्यांच्या, पत्रे आपले. विटा पाडणे, वाळू आणणे, पाणी वाहणे हे मंडळी स्वतः करते. छताचे पत्रे आणि सिमेंट मात्र रोख पैशांशिवाय येत नाही आणि अर्धी बांधलेली चर्चे त्यावाचूनच वर्षानुवर्षे उघडी राहतात. विटा भाजायला लाकूड फार लागते आणि मलावीचे जंगल आधीच खूप तुटले आहे. त्यामुळे न भाजता दाबून केलेल्या सिमेंट-मातीच्या विटा वापरता येतील का, हे जरूर विचारावे.

चर्चच्या दवाखान्यांबद्दल खूप ऐकले आहे. ते खरेच एवढे महत्त्वाचे आहेत?

होय. मलावीतल्या ख्रिस्ती दवाखान्यांची संघटना १९६६ पासून काम करते. देशातल्या आरोग्यसेवेचा जवळपास एक तृतीयांश भार तिच्यावर आहे, आणि तोही मुख्यतः अशा खेड्यांत जिथे दुसरा दवाखानाच नाही. कर्मचाऱ्यांचे पगार बहुतांशी सरकार देते. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना मोफत सेवा देण्यासाठी अनेक दवाखान्यांचे सरकारशी करार आहेत. सरकारी रक्कम उशिरा आली की औषधांचे कपाट रिकामे पडते. मग बाहेरच्या मंडळ्यांनी दिलेला निधी जीव वाचवतो, हे शब्दशः खरे आहे.

पण मला सर्वात जास्त शिकवले ते उत्तरेतल्या एक्वेन्देनी या मिशन रुग्णालयाने. तिथल्या कुपोषित मुलांच्या विभागात मुले बरी होऊन घरी जात आणि पुढच्या टंचाईत परत येत. कारण शेतात होते. वर्षानुवर्षे फक्त मका घेतल्याने जमीन थकलेली, आणि रासायनिक खत घ्यायला पैसे नाहीत. २००० साली रुग्णालयाने शेतकऱ्यांबरोबर एक प्रकल्प सुरू केला. भुईमूग किंवा सोयाबीनसोबत तूर लावायची, शेंगा काढल्यावर पाला जमिनीत गाडायचा, पुढच्या वर्षी तिथे मका घ्यायचा. कोणते पीक कुठे चांगले येते हे शेतकऱ्यांचाच एक गट तपासत असे आणि दुसऱ्या गावांना शिकवत असे. पाककृतींचे दिवस ठेवले गेले. बाळाच्या पेजेत दाण्यांचे आणि डाळीचे पीठ कसे घालायचे ते तिथे स्त्रियांनी एकमेकींना दाखवले आणि पुरुषांनाही त्या कामात ओढले.

अडचणी आल्याच. तूर उशिरा तयार होते. मक्याची कापणी झाली की गुरे मोकळी सोडायची पद्धत आहे, आणि ती उभी तूर फस्त करतात. तिथे उपदेश कामाचा नव्हता, गावप्रमुखाला बसवून गुरांचे नियम ठरवावे लागतात.

वरणभात खाणाऱ्या माणसाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारत तूर आयात करतो त्या देशांत मलावीही आहे. २०२१ मध्ये दोन्ही देशांत वर्षाला ५०,००० टन तुरीचा करार झाला होता. मलावीतला शेतकरी तुरीला ‘नान्दोलो’ म्हणतो आणि तिचा भाव दूर आपल्याकडे ठरतो.

गावाला बोअर मारून द्यायची आहे. किती खर्च येईल?

खर्चाआधी तीन गोष्टी विचारा. पंप कोणत्या बनावटीचा? त्याचे सुटे भाग जवळच्या बाजारात मिळतात का? गावात पाणी समिती आहे का आणि ती दरमहा वर्गणी गोळा करते का? मलावीत ‘आफ्रिडेव्ह’ हा हातपंप सर्वत्र चालतो. त्याची रबरी वायसरे आणि बुशिंग गावातल्या स्त्रियाही बदलू शकतात, पण सुटे भाग आणायला हातात पैसे हवेत. एका रबरी वायसरासाठी महिनोन् महिने बंद पडलेला पंप आणि त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी, यापेक्षा वाईट साक्ष नाही.

हातपंपाच्या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे काही आहे. युगांडा, झांबियासह आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप बसवला गेला. त्याच्या आधीचे जे पंप होते ते जालना आणि सोलापूर इथे घडले, दुष्काळी गावांसाठी मिशनने हाती घेतलेल्या पाण्याच्या कामातून. ओतीव लोखंडाचे घरगुती पंप गावभराच्या वापराला टिकत नव्हते, तेव्हा इथल्या लोकांनी पोलादाचा मजबूत पंप बनवला.

स्त्रियांचे स्थान काय?

कामाच्या बाबतीत कण्यासारखे. न्खोमा सिनडमध्ये ‘चिग्वीरिझानो’, ब्लॅन्टायरमध्ये ‘म्वानो’, लिव्हिंगस्टोनियात ‘उमन्यानो’ अशी स्त्रियांची मंडळे आहेत. त्यांचे ठरलेले गणवेश असतात, साप्ताहिक सभा असते, आणि मृत्यू झालेल्या घरी सर्वात आधी पोहोचणाऱ्या त्याच असतात. निर्णयाच्या बाबतीत चित्र एकसारखे नाही. ब्लॅन्टायर आणि लिव्हिंगस्टोनियात स्त्रिया पाळक आहेत, न्खोमा सिनड मात्र या बाबतीत फार सावध राहिली.

पैशांच्या बाबतीत ‘बँकी म्खोंडे’ म्हणजे ओसरीवरची बँक सर्वत्र दिसते. आपल्या बचत गटासारखीच. फरक एवढा की बाहेरच्या बँकेचे कर्ज सहसा नसते, सगळी रक्कम सभासदांची असते आणि वर्षाअखेरीस व्याजासह वाटून घेतात. ही पद्धत १९९१ मध्ये नायजर देशात सुरू झाली आणि खंडभर पसरली. वाटणी पेरणीच्या आधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठेवली तर बी-खताला पैसे मिळतात. अशा गटात बाहेरून भांडवल टाकू नये असे माझे ठाम मत आहे. स्वतःच्या पैशाचा हिशोब लोक डोळ्यांत तेल घालून ठेवतात. बाहेरचा पैसा आला की ती राखण सुटते. हिशोबाच्या वह्या, कुलपाची पेटी आणि प्रशिक्षण एवढेच द्यावे.

जुने कपडे पाठवावेत का?

नको. तिथे जुन्या कपड्यांचा मोठा बाजार आधीच आहे. वाहतुकीच्या खर्चात तिथल्याच शिंप्याकडून शाळेचे गणवेश शिवून होतील.

अनाथाश्रम उघडण्यासाठी मदत मागणारे बरेच जण भेटतात. काय करावे?

फार सावध राहावे. एड्सच्या साथीत मलावीत लाखो मुले आई किंवा वडील गमावून बसली, पण त्यांतली बहुतेक मुले आजी, मावशी, काका यांच्या घरी वाढली. मुलांना त्या घरातून काढून संस्थेत ठेवल्याने संस्थेला देणगी मिळते आणि मुलाचे गाव, भाषा, जमिनीवरचा हक्क तुटतो. आजीच्या घरी बकरी, शाळेची फी, गादी, मच्छरदाणी पोहोचवणारी मंडळी फोटोत दिसत नाही, पण काम तीच करते.

एड्सच्या बाबतीत चर्चने सुरुवातीला दुखावलेही. आजाराला पापाची शिक्षा म्हटले गेले, माणसे लपून राहिली. नंतर त्याच मंडळ्यांतल्या स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा केली, पाळकांनी स्वतःची तपासणी जाहीरपणे करून घेतली. २०११ मध्ये मलावीने प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे औषध सुरू करण्याचे धोरण आणले आणि नंतर जगाने ते उचलले. औषध रोज घेतले जाते की नाही हे बघायला शेजारीण लागते, आणि ती बहुधा मंडळीतलीच असते.

दुष्काळात, वादळात मदत फक्त ख्रिस्ती कुटुंबांना द्यायची का?

नाही. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत हाहाकार केला. मृत आणि बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसे गेली. शाळा आणि चर्चच्या इमारतींत लोक राहिले. तिथे कोण मशिदीत जातो आणि कोण चर्चमध्ये, असे विचारणे हे सुवार्तेला शोभणारे नाही. व्यवहारातही ते चुकीचे ठरते. सरोवराकाठच्या याओ गावांत मुस्लिम अधिक आहेत, एकाच घरात दोन्ही धर्म असतात. यादी गावप्रमुख, पाळक आणि शेख यांनी मिळून करावी आणि ती सर्वांसमोर वाचून दाखवावी.

मिशन म्हणजे वसाहतवादाचे दुसरे नाव, असे तरुण म्हणतात. उत्तर काय द्यावे?

आधी ऐकून घ्यावे, कारण त्यात तथ्य आहे. जमिनी मळेवाल्यांकडे गेल्या आणि अनेक मिशनरी गप्प राहिले. पण इतिहासात जॉन चिलेम्ब्वेही आहेत. अमेरिकेत शिकून १९०० मध्ये ते परतले आणि चिराद्झुलू येथे त्यांनी स्वतःची मिशन उभारली. शाळा काढल्या, विटांचे मोठे चर्च बांधले. मळ्यांवरची वेठ आणि पहिल्या महायुद्धात आफ्रिकी माणसांना मरायला पाठवणे याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. जानेवारी १९१५ मध्ये त्यांनी सशस्त्र उठाव केला. तो मोडला गेला, फेब्रुवारीत ते मारले गेले आणि सरकारने त्यांचे चर्च सुरुंग लावून पाडले. उठावातल्या हिंसेचे समर्थन मी करत नाही. पण बायबल वाचूनच हा माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहिला हे तरुणांना सांगायलाच हवे. आज मलावीच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्राध्यक्ष बांडा यांच्या एकपक्षीय राजवटीत बोलायची सोय नव्हती. ८ मार्च १९९२ रोजी कॅथलिक बिशपांचे पत्र देशभरच्या चर्चमध्ये वाचले गेले. दारिद्र्य, अन्याय, बोलण्याचे स्वातंत्र्य यावर त्यात उघड लिहिले होते. प्रेस्बिटेरियन आणि इतरही पुढे आले. पुढच्या वर्षी सार्वमत झाले आणि लोकांनी बहुपक्षीय पद्धत निवडली.

आमच्या तरुण संघाला पंधरा दिवसांसाठी पाठवायचे आहे.

त्यांनी बोलावले असेल तर पाठवा, आणि शिकायला पाठवा. भिंत रंगवायला नको, ते काम तिथला रंगारी करतो आणि त्याला मजुरीची गरज आहे. मे ते ऑगस्ट हा काळ बरा. पावसात रस्ते बंद होतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत पाहुण्यांना जेवू घालणे यजमानांना जड जाते, पण ते तसे बोलणार नाहीत. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. गावात गेल्यावर आधी गावप्रमुखाला भेटावे, नंतर मंडळीत जावे. आणि मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत.

भारतातून पैसे पाठवता येतात का?

व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून पाठवणे आणि नोंदणीकृत न्यासाने पाठवणे यांचे नियम वेगळे आहेत. न्यासाचे उत्पन्न देशाबाहेर खर्च केले तर आयकरातली सूट जाऊ शकते, आणि परदेशी देणगीचा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. आधी सनदी लेखापालाला विचारा, मग मंडळीत घोषणा करा. रक्कम एखाद्या व्यक्तीच्या नावे न पाठवता सिनडच्या किंवा रुग्णालयाच्या खात्यात पाठवा. क्वाचाची घसरणही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका निर्णयाने त्याचे अवमूल्यन झाले आणि क्वाचातला डॉलरचा भाव ४४ टक्क्यांनी वाढला. असे झाले की आयात औषध आणि पेट्रोल रातोरात महागते आणि स्थानिक चलनात आखलेला प्रकल्प अर्ध्यावर अडकतो.

पैशांखेरीज आमच्याकडे देण्यासारखे काय आहे?

जामखेड आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले. ज्या बायकांना शाळा माहीत नव्हती, त्यांना गावाच्या आरोग्यसेविका बनवले, जातीच्या भिंती ओलांडून पाणी, पोषण आणि बाळंतपण यांवर काम केले. तिथल्या अनुभवाची दखल जागतिक आरोग्य संघटनेने घेतली, आणि आफ्रिकेसह अनेक देशांतले आरोग्य कार्यकर्ते तिथे शिकायला येत राहिले. आपल्या संघाच्या विमानखर्चातून मलावीतल्या मिशन रुग्णालयाची एखादी परिचारिका आणि तिच्या गावची एखादी स्वयंसेविका जामखेडला येऊन काही आठवडे राहू शकतील. मुक्कामाची सोय नगर, पुणे, नाशिकच्या मंडळ्यांनी आळीपाळीने करावी. निवड त्यांच्या रुग्णालयाने करावी, आपण नव्हे, आणि विचारणा कापणीनंतरच्या महिन्यांसाठी करावी.